कलावंत असल्याचा दाखला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस फोंडा तालुक्यातील एक वयोवृद्ध तबलावादक चोर्ला घाट ओलांडून माझ्या बेळगावच्या कचेरीत आले. बरोबर पुतण्या, आणि पुतण्याच्या हातात पत्र्याची एक जुनी ट्रंक. अमेरिकेतील एका संगीतसंस्थेने त्यांना तीन वर्षांच्या मुदतीवर मैफलींत साथ करण्यासाठी व थोडे शिकवण्यासाठी बोलावले होते. संस्थेच्या तेथील वकिलाने लांबलचक पत्र धाडून कळवले होते की, ज्यांच्यासाठी अर्ज करावयाचा ते गृहस्थ ‘असाधारण गुणवत्ता’ असलेले कलावंत आहेत हे कागदोपत्री सिद्ध करावे लागेल; आणि जे कागद इंग्रजीत नसतील त्यांचे संपूर्ण भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासह, जोडावे लागेल. हे दुसरे काम माझ्याकडे आले होते.

ट्रंक उघडली. आत देवळांच्या उत्सवांची हस्तपत्रके, संगीत नाटकांच्या जाहिराती, कोणा गायिकेच्या षष्ट्यब्दीची स्मरणिका, शाल-नारळ देतानाची चारदोन छायाचित्रे. सारे मिळून पन्नास वर्षांचे वादन. पत्रकांवर गायक-गायिकांची नावे ठसठशीत अक्षरांत, आणि तळाशी बारीक टाइपात ‘साथसंगत’. कित्येक ठिकाणी तर तेथेही नाव नव्हते. अशाच एका पत्रकाच्या तळाशी बोट ठेवून मामा मोठ्या समाधानाने म्हणाले, “वकीलबाब, हा ‘स्थानिक कलावंत’ म्हणजे मी.”

मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “एवढे कागद कशाला? मी त्यांना वाजवून दाखवीन की.”

वाजवून दाखवण्याची सोय त्या कायद्यात नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. ध्वनिमुद्रण हवे तर जोडता येते. पण ते ऐकून ‘हा हात असाधारण आहे’ असे ठरवणे हे त्या अधिकाऱ्याचे कामच नव्हे. दुसऱ्यांनी त्याविषयी काय लिहिले, कोठे छापले, किती मोबदला दिला, हे त्याने पाहावयाचे. मामांना हे पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी मलाही नीट पटवून देता आले नाही. परक्या देशाच्या कायद्यातील एका कलमाची पूर्वपीठिका धुंडाळण्याच्या भरीस मी पडलो तो या प्रसंगामुळे. धुंडाळता धुंडाळता असे ध्यानात आले की, कलावंताला दारात उभा करून ‘तू कलावंत कशावरून?’ असे विचारण्याची रीत सव्वाशे वर्षांत अनेकदा पालटली आहे. आणि दर पालटागणिक कला एकेक पाऊल मागे सरत गेली व कागद पुढे येत गेला.

प्रारंभी हा प्रश्न फारसा कोणी विचारीतच नसे. १८८५ साली अमेरिकी काँग्रेसने परदेशांतून करारबद्ध मजूर आणण्यास बंदी करणारा कायदा केला. आगाऊ करार करून स्वस्त मजुरांचे तांडे आणावेत आणि देशी कामगारांची मजुरी पाडावी, या कारखानदारांच्या युक्तीला आळा घालणे हा त्याचा उद्देश. त्याच्या पाचव्या कलमात अपवाद सांगितले होते: व्यावसायिक नट, कलावंत, व्याख्याते व गायक, आणि पाठोपाठ, त्याच दमात, खाजगी व घरगुती नोकर. नटगायकांना घरगड्यांच्या पंगतीला बसवले म्हणून रुष्ट होण्याचे कारण नाही. विचार सरळ व्यवहाराचा होता. यांच्या येण्याने खाणीतल्या आणि गिरणीतल्या मजुराची रोजी बुडत नव्हती. गायक सुरेल की बेसूर, हे कायद्याने विचारलेच नव्हते. गाणे हा त्याचा धंदा आहे ना, मग झाले.

‘कलावंत’ हा शब्द येथे गुणवाचक नव्हता, व्यवसायवाचक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गोमंतकातील वाचकांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे तर हा शब्द एके काळी व्यवसायाच्याही पलीकडे जाऊन जन्माचाच झाला होता, आणि त्याच्याबरोबर चिकटलेला कमीपणा पुसून टाकण्यासाठी एका समाजाला पिढ्या झिजवाव्या लागल्या. असो. अमेरिकेच्या त्या यादीत धर्मोपदेशकांचे नाव मात्र राहून गेले होते. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने इंग्लंडहून करार करून आपला पाद्री आणला, तेव्हा तो ‘मजूर’ ठरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९२ साली चर्चच्या बाजूने निकाल लागला. कायद्याचा शब्द मोठा की हेतू मोठा, या वादात आम्ही वकील लोक आजही त्या निकालाचा दाखला देतो.

१९०७ च्या कायद्यातही नट, कलावंत व गायकांची ती सवलत कायम होती. तीन वर्षांनी, १९१० च्या सप्टेंबरात, बडोद्याच्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ आपल्या बंधूंसह वीणा घेऊन अमेरिकेस निघाले, तेव्हा त्या देशात शिरणाऱ्या गवयाला लागू असलेला कायदा हा असा होता. ते ज्या शहरातून गेले तेथे तर कलावंतांची नोंद ठेवण्याची शिस्त केव्हाच रुजली होती. मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यास गायनशाळा काढली. सयाजीरावांच्या राज्यात गवई-वादकांसाठी स्वतंत्र कलावंत खाते होते, आणि १८९९ साली त्याचे नियम छापून निघाले. तेव्हा कलावंताला कारकुनाच्या वहीत बसवण्याचा उद्योग केवळ पाश्चात्त्यांचा, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. फरक एवढाच की, बडोद्याच्या वहीत ज्याचे नाव असे त्याचे गाणे दरबारात कोणाच्या ना कोणाच्या कानांवर पडतच असे.

पुढे १९१७ साली अमेरिकेने आशियाचा एक प्रचंड पट्टा रेघा मारून प्रवेशास बंद केला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात आला. तथापि येथेही अपवादांची यादी होतीच: सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी, आणि कुतूहलाने वा मौजेखातर हिंडणारे प्रवासी. (यात वकील कलावंतांच्या बरेच आधी येतात, ही गोष्ट मी मामांपाशी बोललो नाही.) पंजाबच्या शेतकऱ्याला दार बंद आणि चित्रकाराला उघडे, अशी ही व्यवस्था. ती टिकली मात्र नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब नागरिकत्वास अपात्र, असे ठरवले. पुढल्याच वर्षीच्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असणाऱ्यांचा कायमच्या वस्तीसाठी येण्याचा मार्ग जवळजवळ बुजवला. १९४६ साली दार किलकिले झाले ते वर्षाकाठी शंभर हिंदी माणसांपुरते. दरम्यानच्या काळात आपले कलावंत तिकडे गेले नाहीत असे नव्हे. उदय शंकरांचा नृत्यसंच तेथे चांगलाच गाजला. पण ते पाहुणे म्हणून गेले आणि पाहुणे म्हणून परतले.

याच काळात एका कलाकृतीला त्या देशाच्या दारात अडवले गेले, आणि ती कला आहे की नाही याचा साक्षीपुराव्यानिशी खटला चालला. तो स्थलांतराच्या नव्हे, जकातीच्या कायद्याखालचा आहे. तरीही मी तो थोडा विस्ताराने सांगणार आहे, कारण पुढे माणसांच्या अर्जांना ज्या तऱ्हेचा पुरावा जोडावा लागू लागला त्याचे मूळ रूप मला या खटल्यात दिसते. दुसरेही एक कारण आहे; ते इंदूरच्या वाचकांसाठी जरा राखून ठेवतो.

१९२६ च्या ऑक्टोबरात ‘पॅरिस’ नावाच्या आगबोटीतून रुमानियात जन्मलेले व पॅरिसला स्थायिक झालेले शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांची सुमारे वीस शिल्पे प्रदर्शनासाठी न्यूयॉर्क बंदरात उतरली. सोबत चित्रकार मार्सेल द्युशाँ होते. कलाकृतींवर त्या देशात जकात नव्हती. पण जकात अंमलदारांनी पेट्या उघडल्या तेव्हा त्यांना ‘अवकाशातील पक्षी’ या नावाखाली ब्राँझची एक उंच, निमुळती, आरशासारखी लखलखीत वस्तू आढळली. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. त्यांनी ती स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयाचे साहित्य या सदरात घातली आणि किमतीवर शेकडा ४० जकात आकारली. आपण हसतो, पण अंमलदाराच्या जागी बसून पाहावे. त्याच्यापुढे कायदा होता आणि कायद्याच्या मागे १९१६ चा एक निकाल होता. त्या निकालाने शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंचे, विशेषतः मानवी देहाचे, त्यांच्या खऱ्या प्रमाणांत केलेले अनुकरण, अशी व्याख्या घालून दिली होती. त्या व्याख्येने पाहता तो पक्षी पक्षी नव्हताच.

ते शिल्प छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी विकत घेतले होते. जकातीविरुद्ध दाद मागण्यात आली, आणि १९२७ च्या ऑक्टोबरात साक्षी सुरू झाल्या. वादाचे मुद्दे आम्हा वकिलांना चटकन ओळखू येतील असे आखीव होते. वस्तू अस्सल आहे काय? तिचा काही व्यावहारिक उपयोग आहे काय? आणि ती घडवणारा ‘व्यावसायिक शिल्पकार’ आहे काय? या तिसऱ्या मुद्द्यावर नजर ठेवावी. कलाकृती कला ठरावयाची तर आधी कर्ता कलावंत ठरला पाहिजे. आणि तो कलावंत कशावरून, तर त्याची प्रदर्शने कोठे झाली, त्याची शिल्पे कोणत्या संग्रहांत आहेत, जाणकार त्याला काय मानतात, यावरून.

साक्षीदार नामांकित होते. शिल्पकार जेकब एपस्टाइन आले, ब्रुकलिन संग्रहालयाचे संचालक आले, कलाविषयक नियतकालिकांचे संपादक व टीकाकार आले. सरकारतर्फेही दोन शिल्पकार उभे राहिले आणि त्यांनी ही कला नव्हे असे शपथेवर सांगितले. उलटतपासणीचा रोख पाहण्यासारखा आहे. न्यायाधीशांनी स्टायकेन यांना विचारले की, हा रानात दिसला असता तर पक्षी समजून तुम्ही त्याच्यावर गोळी झाडली असती काय? स्टायकेन यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले. एखादा हुशार कारागीर धातूची कांब घासूनपुसून अशी वस्तू करू शकणार नाही काय, या अर्थाच्या प्रश्नाला एपस्टाइन यांनी उत्तर दिले की, कारागीर तिला झिलई देईल, पण तिची कल्पना करू शकणार नाही. आपण परंपरेतलेच आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी प्राचीन इजिप्तमधील ससाण्याचे एक दगडी शिल्पही न्यायालयात आणले होते.

२६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती वेट यांनी मान्य केले की, जुन्या निकालानंतर कलेच्या जगात एक नवा पंथ उदयास आला आहे, तो वस्तूंचे अनुकरण न करता अमूर्त कल्पना साकारू पाहतो. आणि आपल्याला तो रुचो वा न रुचो, त्याचे अस्तित्व व प्रभाव न्यायालयाला नाकारता येत नाही. पक्षी जकातमुक्त झाला.

या निकालाचे कौतुक फार झाले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातील एक साधी बाब अधिक मोलाची वाटते. ते शिल्प स्वतः न्यायालयात हजर होते. पुरावा क्रमांक १ म्हणून ते न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे उभे होते. साक्षीदार बोलत होते तेव्हा न्यायाधीश ऐकत होते आणि पाहतही होते. आणि ती वस्तू पाहण्यास सुंदर आहे, हे आपले मत त्यांनी निकालात नोंदवले. जाणकारांची शपथपत्रे आणि प्रत्यक्ष कृती, दोन्ही एका खोलीत.

आता इंदूरविषयी. पुढच्याच दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी ब्रांकुशींकडून याच पक्ष्याची तीन रूपे घेतली: एक ब्राँझचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी इंदुरास एक ध्यानमंदिर बांधावयाचे ठरले, आणि १९३७ च्या अखेरीस ब्रांकुशी स्वतः इंदुरास येऊन राहिले. मंदिर उभे राहिले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहात आहेत. होळकरांनी त्यांची पारख कशी केली? त्यांना पाहून. त्या पारखीला कोणाचा दाखला लागला नाही, हे खरे. पण ती राजाची पारख होती आणि पैसाही राजाचाच होता. लोकशाहीतील अधिकाऱ्याला तसे करता येत नाही. त्याला आपल्या निर्णयाचे कारण देता आले पाहिजे, आणि ‘मला आवडले’ हे कारण नव्हे. मामांच्या ट्रंकेपुढे बसलो असता मला याचा विसर पडू नये म्हणून मी हे येथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्याची भाषाच बदलली. १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या प्रवेशासाठी ‘विशेष योग्यता व सामर्थ्य’ असणाऱ्यांचा एक वर्ग आला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रावार कोट्याची जुनी पद्धत मोडली, आणि कायमच्या वास्तव्यासाठी जे पसंतीक्रम लावले त्यांतील तिसऱ्यात विज्ञान वा कला यांत ‘अपवादात्मक सामर्थ्य’ असणाऱ्यांना जागा दिली. नुसता धंद्याने गायक असून आता भागणार नव्हते. तो इतर गायकांहून वरचढ आहे हे दाखवणे प्राप्त झाले. पूर्वीचा प्रश्न ‘हा कोण?’ असा होता, तो आता ‘हा केवढा?’ असा झाला. या दोन प्रश्नांना लागणारा पुरावा अगदी निराळा असतो.

केवढा, हे ठरवताना कसा प्रसंग ओढवू शकतो याचे उदाहरण म्हणजे जॉन लेनन. १९७१ च्या ऑगस्टात ते व त्यांच्या पत्नी योको ओनो अमेरिकेत आले. युद्धविरोधी चळवळीतील त्यांचा वावर तेथील राज्यकर्त्यांना खुपत होता, आणि १९७२ च्या मार्चमध्ये त्यांच्याविरुद्ध हद्दपारीची कारवाई सुरू झाली. त्यांचे वकील लिऑन वाइल्ड्स यांनी उभयतांसाठी तिसऱ्या पसंतीचे अर्ज दाखल केले, म्हणजे ही दोघे अपवादात्मक सामर्थ्याचे कलावंत आहेत असे सिद्ध करावयास घेतले. ज्यांची गाणी त्या वेळी सबंध जग गुणगुणत होते त्यांच्यासाठी हा अर्ज! खात्याने अर्ज नामंजूर केले नाहीत; ते नुसते पडून ठेवले. वकील संघराज्य न्यायालयात गेले तेव्हा कोठे मे महिन्यात ते मंजूर झाले. इकडे प्रकरणाच्या फायलीत पत्रांचा ढीग साचत होता. बॉब डिलन यांनी लिहिले, लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी लिहिले, कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी लिहिले. न्यूयॉर्कच्या महापौरांनीही आपले वजन खर्ची घातले.

इतके करून भागले काय? १९७३ च्या मार्चमध्ये योको ओनो यांना वास्तव्याचा हक्क मिळाला आणि लेनन यांना साठ दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला. कारण १९६८ साली लंडनमध्ये गांजाच्या अर्काबाबत त्यांनी गुन्हा कबूल केला होता आणि १५० पौंड दंड भरला होता. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने हा हुकूम रद्द केला, तोही संगीताच्या आधारावर नव्हे. त्या वेळच्या ब्रिटिश कायद्यात आरोपीला वस्तूची जाणीव होती की नाही याला महत्त्व नव्हते, सबब तशी शिक्षा अमेरिकी कायद्यातील बंदीच्या कक्षेत येत नाही, असे न्यायमूर्ती कॉफमन यांनी दोन विरुद्ध एक मताने ठरवले. २७ जुलै १९७६ रोजी लेनन यांच्या हाती वास्तव्याचे कार्ड पडले. कलेचा दाखला पहिल्या वर्षीच मिळाला होता. माणसाला मात्र चार वर्षे थांबावे लागले. मामांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी इतकेच विचारले, “त्या साहेबाला साथ कोणाची होती?”

आज जे शब्द चालतात ते १९९० च्या कायद्यातले. त्यात ‘असाधारण गुणवत्ता’ हा शब्दप्रयोग दोन ठिकाणी आहे आणि त्याचे अर्थ दोन आहेत. अशा जागी आमच्या धंद्यातील लोकांचे डोळे चमकतात. कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणारा कलावंत आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या थोड्यांपैकी असावा लागतो. एखादा जगप्रसिद्ध पुरस्कार नसेल तर नियमांत सांगितलेल्या दहा प्रकारांपैकी किमान तीन प्रकारचे पुरावे त्याने द्यावयाचे. तात्पुरत्या प्रवेशाच्या बाबतीत, कलांपुरता, त्याच शब्दांचा अर्थ ‘विशेष मान्यता’ एवढा सौम्य केला आहे, आणि तेथे सहा प्रकारांपैकी तीन पुरतात. मामांचा अर्ज या दुसऱ्या जातीचा. ते सहा प्रकार असे: नामांकित प्रयोगांत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतील परीक्षणे व लेख, नामांकित संस्थांत प्रमुख वा कळीचे स्थान, तिकीटविक्रीसारखे व्यावसायिक यश, तज्ज्ञांनी व संस्थांनी केलेला गौरव, आणि भारी मोबदला. शिवाय त्या त्या कलेतील कामगार संघटनेचे अथवा समव्यवसायी मंडळींचे मत घ्यावे लागते, हे वेगळेच. १८८५ च्या कायद्याचा मजुरांविषयीचा धाक या एका अटीत अजून जिवंत आहे.

ही यादी एका विशिष्ट प्रकारच्या कलाजीवनाला बेतून शिवलेली आहे. जेथे तिकिटे विकली जातात, दुसऱ्या दिवशी परीक्षण छापून येते, करारात रक्कम लिहिलेली असते, तेथे ती अंगाला बरोबर बसते. देवळाच्या सभामंडपात तिकीट नसते. उत्तररात्री संपलेल्या मैफलीचे परीक्षण म्हणजे पहाटे चहा पिताना चार जाणत्यांनी हलवलेली मान. खाप्रूमामा पर्वतकरांना ‘लयभास्कर’ म्हणू लागले ते त्यांची लय ऐकून. त्या पदवीसाठी कोणी अर्ज केला नव्हता. साथीदाराची अडचण तर याहून बिकट. ‘प्रमुख भूमिका’ दाखवा असे नियम म्हणतो, आणि चांगल्या साथीदाराचा सारा धर्मच हा की आपण प्रमुख दिसू नये.

असे असले तरी कायदा केवळ आंधळा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० साली नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने एका शास्त्रज्ञाच्या प्रकरणात खात्याला बजावले की, नियमांत नसलेल्या अटी पदरच्या घालून पुरावा फेटाळता येणार नाही. आधी कागद मोजावेत, मग सर्व मिळून तोलावेत. त्याच वर्षी खात्याच्या अपील कचेरीने, पारडे जरासे जरी अर्जदाराकडे झुकले तरी पुरे, संशयातीत पुराव्याची अपेक्षा नाही, असे एका मार्गदर्शक निर्णयात स्पष्ट केले. तो निर्णय ज्या अर्जदाराच्या आडनावाने ओळखला जातो ते आडनाव अगदी आपल्याकडचे वाटते. प्रकरण कलेचे नव्हते, तरी तेथील प्रत्येक कलावंताचा वकील आज ते नाव उद्धृत करतो.

२०१२ चा तिसरा निर्णय तर गोमंतकाच्या विशेष जिव्हाळ्याचा. ज्यांची कला एखाद्या संस्कृतीची खास अशी आहे त्यांच्यासाठी निराळा परवाना असतो. अर्जेंटिनातील एका वाद्यवृंदाने पूर्व युरोपातील ज्यूंचे संगीत व लॅटिन अमेरिकेतील संगीत यांचे मिश्रण सिद्ध केले होते. मिश्र म्हणजे कोणत्याच एका संस्कृतीचे नव्हे, असे म्हणून खात्याने त्यांना नाकारले. अपील कचेरीने ते फिरवले: दोन परंपरांच्या संगमातून उपजलेली कलाही आपल्या परीने अनन्य असू शकते. मांडो ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवण्यासाठी वरिष्ठ कचेरी लागली नसती. पण निर्णय चांगला आहे.

तज्ज्ञाच्या शब्दाला वजन असते, हेही मी मामांना उदाहरणाने पटवले. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवावयाच्या तबकडीत केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली, ती रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाच्या आग्रहाने. त्यांनी ती आधी ऐकली होती, हे मात्र मामांनी माझ्या नजरेस आणून दिले.

आमच्या अर्जावर अपेक्षेप्रमाणे खात्याचे प्रश्नपत्र आले. हे उत्सव ‘नामांकित’ कशावरून? आणि लाभार्थीचे नाव नसलेली पत्रके लाभार्थीची कशावरून? पहिल्या प्रश्नाला देवस्थान समित्यांची पत्रे, जुनी वृत्तपत्रे आणि तीन गायकांची निवेदने जोडली. मामांच्या हाताशिवाय आपण अमुक राग अमुक लयीत मांडूच शकलो नसतो, असे त्यांतील एकीने लिहिले; ‘कळीचे स्थान’ या शब्दांसाठी मला याहून चांगला पुरावा मिळाला नसता. दुसऱ्या प्रश्नाने आठ दिवस घेतले. अखेरीस फोंड्याच्या ज्या छापखान्यात ती पत्रके निघाली त्याचे म्हातारे मालक भेटले. पत्रक आधी छापावे लागे आणि तबल्यावर कोण बसणार हे मागाहून ठरे, म्हणून ‘स्थानिक कलावंत’ हा खिळ्यांचा जुळवलेला तुकडा ते तसाच बांधून ठेवीत, आणि त्या उत्सवांत वर्षानुवर्षे बसले ते मामाच, असे शपथपत्र त्यांनी करून दिले.

भाषांतरांत मला सर्वांत अधिक अडवले ते ‘साथ’ या शब्दाने. इंग्रजी कोशात जो प्रतिशब्द मिळतो त्यात दुसऱ्याच्या मागून चालण्याचा भाव आहे. तो घालावा तर नियमातील ‘प्रमुख’शी विरोध येतो, न घालावा तर मी खाली सही करून भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे प्रमाणित करतो आहे. दोन दिवस विचार करून मी कोशातलाच शब्द ठेवला, आणि तबलावादक मैफलीत काय करतो याचे एक पानभर निवेदन मामांच्या तोंडून लिहून घेऊन वेगळे जोडले.

मंजुरीची सूचना माघ महिन्यात आली. मंजुरीला कारणे देण्याची पद्धत नाही, तेव्हा कोणता कागद कामी आला हे कळावयास मार्ग नाही. ट्रंक अद्याप माझ्या कचेरीत आहे. मूळ कागद घेऊन जा म्हणून मी पुतण्याला दोनदा कळवले. तो म्हणाला, मामा म्हणतात, आता ते कागद वकीलबाबांकडेच असू देत, तीन वर्षांनी पुन्हा लागतील.